पाहिजेत : बंडखोर

2012 च्या मे महिन्यात ग्लासगोमध्ये स्कॉटलंडच्या पब-व्यावसायिकांचा एक पुरस्कार सोहळा झाला. वर्षातला सर्वोत्तम बारचालक कोण हे जाहीर करायची वेळ आली, एक नाव पुकारलं गेलं, विजेते मंचावर गेले आणि बघतात तर हातातल्या सन्मानचिन्हावर दुसऱ्याच कंपनीचं नाव कोरलेलं. ते नाव होतं ब्रूडॉग. त्या भल्या माणसांनी पुरस्कार घ्यायला नकार दिला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सोहळ्याला पैसा होता दियाजिओचा, म्हणजे गिनेस आणि जॉनी वॉकरच्या मालकांचा. ब्रूडॉगला पुरस्कार दिलात तर पुढच्या वर्षी आमच्याकडे यायचं नाही, असं त्यांच्या माणसांनी आयोजकांना बजावलं होतं. निकाल फिरवला गेला, पण कोरीवकाम आधीच होऊन बसलं होतं. दियाजिओला जाहीर माफी मागावी लागली.

ब्रूडॉगला त्या सन्मानचिन्हाची मग गरजच उरली नाही. कितीही मोठ्या जाहिरात संस्थेला पैसे मोजले असते तरी इतकी बोलकी गोष्ट लिहून मिळाली नसती. एकीकडे जगभर पसरलेलं, तरी पाच वर्षांच्या पोराला घाबरणारं भांडवल. दुसरीकडे फ्रेझरबर्ग नावाच्या मासेमारीच्या गावात सुरू झालेली ब्रुअरी. आणि ही गोष्ट खरी होती. मी ती मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण ब्रूडॉगचं सगळं बंड म्हणजे निव्वळ बनाव होता असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बनाव असता तर त्या कंपनीत नोकरीला गेलेल्या पोरापोरींचं एवढं नुकसान झालं नसतं. चार दिवसांत त्यांच्या ते लक्षात आलं असतं आणि त्यांनी दुसरा बार गाठला असता.

जेम्स वॉट आणि मार्टिन डिकी या दोघांनी 2007 मध्ये ही कंपनी काढली तेव्हा दोघंही 24 वर्षांचे होते. वॉट कायद्याचा पदवीधर, पण उत्तर अटलांटिकमध्ये मासेमारीच्या बोटीवर राबलेला. डिकी मद्यनिर्मितीचं रीतसर शिक्षण घेतलेला. आधी डर्बीशरमधल्या थॉर्नब्रिज ब्रुअरीत असताना 'जयपूर' नावाची आयपीए घडवण्यात त्याचा हात होता. (इंडिया पेल एल हा प्रकार एके काळी आपल्याच बंदरांसाठी इंग्लंडात जहाजावर चढायचा. मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबाच्या घशाला कोरड पडली नसती तर ब्रूडॉगच्या 'पंक आयपीए' या बिअरला काही वेगळंच नाव शोधावं लागलं असतं. आता ते वर्तुळही पूर्ण झालं. मुंबईत ब्रूडॉगच्या पाटीचे बार निघाले.) ब्रिटनच्या पबांत तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या फिक्या लागरचा सुकाळ होता. या दोघांनी भरपूर हॉप्स घातलेली, कडू, फळांच्या वासाची बिअर लोकांपुढे ठेवली आणि ती लोकांना आवडली. हे श्रेय त्यांचं आहे.

पण नुसत्या चवीवर एवढी मोठी कंपनी उभी राहत नाही. 2009 मध्ये 32 टक्के मद्यार्काची बिअर आली. 2010 मध्ये 55 टक्क्यांची आली आणि तिच्या बाटल्या मेलेल्या खारींच्या व स्टोट या छोट्या शिकारी प्राण्याच्या पेंढा भरलेल्या शरीरात बसवल्या होत्या. लंडनच्या कॅम्डेनमध्ये रणगाडा फिरवून झाला. मद्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या पोर्टमन ग्रुपने एका लेबलला हरकत घेतली, तेव्हा कंपनीने माफीनाम्याच्या नावाखाली शिवीच छापली. पुतिन, फुटबॉलची जागतिक संघटना, ब्रिटिश पंतप्रधानांचा तेव्हाचा सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज, मोठ्या ब्रुअऱ्या, सुपरमार्केटं... दर वर्षी एक नवा शत्रू आणि बहुतेक वेळा त्याच्या नावाने एक नवी बिअर. 2016 मध्ये दोघांनाही राणीकडून एमबीई किताब मिळाला आणि दोघांनी तो घेतलाही. त्यावर कोणी फारसं हसलं नाही, याचंच मला नवल वाटतं.

या सगळ्यात एक गोष्ट समान होती. शत्रू कायम बाहेरचा. ज्या संस्थेची ओळखच बाहेरच्या दुष्टाशी चाललेल्या लढाईवर बेतलेली असते, तिच्या आत तक्रार करायला जागा उरत नाही. लढाई चालू असताना पगाराचं काय विचारतोस, हे वाक्य कोणी तोंडाने म्हणावंही लागत नाही. विचारणाऱ्यालाच आपली लाज वाटू लागते. चळवळींत, नाटकाच्या संस्थांत, नियतकालिकांच्या कचेऱ्यांत हा प्रकार मराठी माणसाने पुष्कळ पाहिला आहे. फरक इतकाच की तिथे निदान वरच्या माणसाकडेही पैसे नसायचे.

आता नोकरभरतीकडे वळू. ब्रूडॉग आपल्या नोकरांना 'क्रू' म्हणते, बोटीवरच्या खलाशांसारखं. या क्रूला देऊ केलेल्या गोष्टी वाचल्या की आजही मोह पडावा. सरकारी किमान वेतनाहून जास्त असा, लिव्हिंग वेज फाउंडेशनने ठरवलेला 'खऱ्या जगण्याचा' दर कंपनी अनेक वर्षं देत होती. बिअरच्या जाणकारीची सिसरोन परीक्षा देण्यासाठी तयारी करून घेतली जायची. पाच वर्षं झाली की चार आठवड्यांची भरपगारी रजा. 2017 मध्ये घोषणा झाली की नफ्यातला दहावा हिस्सा नोकरांत वाटला जाईल आणि तितकाच दानधर्माला जाईल. त्याच वर्षी आली कुत्र्याच्या पिल्लाची रजा : घरात नवं पिल्लू आणलंत की आठवडाभर सुट्टी, पगारासकट.

ही पिल्लाची रजा मला या सगळ्या प्रकाराची किल्ली वाटते. तिच्यात खोटं काही नव्हतं. ज्यांनी कुत्रा आणला त्यांना ती मिळत असणार. पण हिशेब करून पाहा. वर्षभरात पिल्लू आणणारे नोकर ते किती आणि त्यांच्या आठवड्याच्या पगाराचा खर्च तो केवढा! त्या बदल्यात जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी चालवली, फोटोंसकट. बारमधल्या पोरांना त्यांच्या कामाचं वेळापत्रक दोन आठवडे आधी हातात मिळतं, अशी बातमी कोणता संपादक छापेल? त्यामुळे कंपनीने कशावर खर्च करायचा हे आपोआप ठरत जातं. जी सवलत बाहेरून दिसते ती आधी. नोकरीची जाहिरात म्हणून जे लिहिलं जातं ते खरं तर गिऱ्हाईकही वाचत असतं, आणि काउंटरपलीकडचा हसरा, गोंदवलेल्या हातांचा, बिअरविषयी भरभरून बोलणारा मुलगा हाही मालाचाच एक भाग होतो. गिऱ्हाईक पिंटचे जे जास्तीचे पैसे देतं, ते थोडे त्याच्या उत्साहाचेही असतात.

त्या उत्साहाच्या मागे काम काय असतं ते थोडं जवळून पाहू, कारण क्राफ्ट बिअरविषयी लिहिणारे हॉप्सच्या जातींवर पानंच्या पानं लिहितात आणि तळघरात उतरत नाहीत. तीस लिटरचा भरलेला स्टीलचा केग जवळजवळ चाळीस किलोचा असतो. शुक्रवारी रात्री गर्दी ऐन भरात असताना एक नळ नुसता फेस ओकू लागतो. मग कोणीतरी खाली धावतं, रिकामा केग बाजूला ढकलतं, भरलेला पुढे ओढतं, जोडणी फिरवून घट्ट करतं, वर येऊन पाइपातली हवा आणि फेस काढून टाकतं, आणि तोवर काउंटरवर आठ माणसं ताटकळलेली असतात. नळांच्या पाइपलाइन नियमाने कॉस्टिकच्या पाण्याने धुवाव्या लागतात. हातमोजा फाटका असेल तर कातडीला लगेच कळतं. पब बंद झाल्यावर ग्लास, ड्रिप ट्रे, जमीन, संडास, गल्ला. शेवटची बस गेलेली असते. आणि रात्री बंद करणाऱ्यालाच सकाळी उघडायचंही असेल, तर मधली झोप पाच-सहा तासांची. यात कुठे अन्याय आहे असं माझं म्हणणं नाही; हे कष्टाचं काम आहे, इतकंच. लीड्स, ग्लासगो, मँचेस्टरला एमएस्सी करायला गेलेली आपली मुलंही अशा बारमध्ये कामं करतात. व्हिसाच्या नियमाप्रमाणे सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, त्याहून जास्त नाही. त्यांना विचारलं तर ती बिअरच्या तत्त्वज्ञानाबद्दल काही सांगणार नाहीत. मॅनेजर रोटा, म्हणजे कामाचं वेळापत्रक, कधी लावतो आणि टिप्स कशा वाटल्या जातात, हे मात्र बिनचूक सांगतील.

अशा कामासाठी माणूस निवडताना 'तुला बिअरची ओढ आहे का, आमच्या लढाईवर तुझा विश्वास आहे का' हे विचारण्यात काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. वरवर पाहता काहीच नाही. आवडीने काम करणारा माणूस कोणाला नको असतो? पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या मंडळींनी काही वर्षांपूर्वी केलेल्या अभ्यासांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. एखाद्याला कामाची मनापासून आवड आहे असं कळलं, की त्याच्याकडून बिनपगारी जादा काम करून घेणं किंवा भलतीच कामं सांगणं लोकांना अधिक रास्त वाटू लागतं. त्याला आवडतंच की, असं मनाशी म्हटलं जातं. म्हणजे मुलाखतीत ज्या गुणावर माणूस निवडायचा, तोच गुण पुढे त्याच्या विरुद्ध वापरायचा परवाना होतो. मुद्दाम कोणी ठरवून करत नाही. मालक स्वतः दिवसाचे सोळा तास झपाटल्यासारखा राबत असेल तर त्याला यात काही वावगं आहे हे जाणवतही नाही. पण मालकाचे सोळा तास त्याच्या मालकीच्या कंपनीची किंमत वाढवत असतात. बारवाल्या पोराच्या बाराव्या तासाने त्याचे पाय सुजतात.

2021 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रुअरीत काम करणाऱ्या एका बाईने या धंद्यातल्या इतर बायकांना इन्स्टाग्रामवर एक साधा प्रश्न विचारला, तुम्हाला कामाच्या जागी काय सोसावं लागलं? उत्तरांचा लोंढा आला. दाढीवाल्या, दिलदार, मोकळ्याढाकळ्या म्हणवणाऱ्या त्या जगात बायकांशी लोक कसे वागत होते, हे एकदाच चव्हाट्यावर आलं. पुढच्याच महिन्यात ब्रूडॉगच्या साठाहून अधिक माजी नोकरांनी एक खुलं पत्र लिहिलं. कंपनीत भीतीचं वातावरण आहे, सगळं संस्थापकाच्या व्यक्तिपूजेभोवती फिरतं, वाढीच्या हव्यासापुढे माणसाला किंमत नाही, इथे काम करून अनेकांना मानसिक आजार जडले, असं त्यात म्हटलं होतं. पर्यावरणाच्या गप्पा मारणाऱ्यांचं खासगी विमानही त्यात निघालं. सह्या पुढे वाढत गेल्या.

त्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे सही करणाऱ्यांनी स्वतःच्या गटाला दिलेलं नाव : पंक्स विथ पर्पज. आम्ही फसलो, हे सगळं थोतांड होतं, असं ते म्हणत नव्हते. खरे पंक आम्ही, तुम्ही वाट सोडलीत, असा त्यांचा सूर होता. हे वैतागून नोकरी सोडणाऱ्याचं बोलणं नाही, ही पंथातल्या माणसाची भाषा आहे. कंपनीने भरती अगदी चोख केली होती. जे विश्वास ठेवतील असेच लोक निवडले होते, आणि त्यांनी ठेवला होता. ज्यांना नुसताच पगार हवा होता ते केव्हाच मुकाट्याने निघून गेले असतील. त्यांची सही त्या पत्रावर असायचं कारण नाही. म्हणून 'ढोंग उघडं पडलं' हा मथळा मला आळशी वाटतो. ढोंग्याला पकडलं की गोष्ट संपते, आणि इथे गोष्ट सुरू होते.

वॉटने माफी मागितली. बाहेरच्या संस्थेकडून कामकाजाच्या वातावरणाची पाहणी झाली, ॲलन लेटन यांच्यासारखा अनुभवी माणूस अध्यक्ष म्हणून आणला गेला. 2022 च्या जानेवारीत बीबीसीने एक माहितीपट दाखवला, त्यात वॉटच्या बायकांशी असलेल्या वागणुकीबद्दल माजी कर्मचाऱ्यांचे आरोप होते. त्याने ते नाकारले आणि ऑफकॉम या नियामकाकडे दाद मागितली; ती तक्रार ऑफकॉमने 2023 मध्ये फेटाळली. आपल्याविरुद्ध मोहीम चालवणाऱ्यांची माहिती काढायला त्याने खासगी तपासनीस लावल्याचं वृत्त गार्डियनने दिलं. कोण खरं, कोण खोटं, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे जातं. साठ माणसांना आपलं म्हणणं ट्विटरवर, जगासमोर का मांडावं लागलं? कामाच्या जागी ज्याच्याकडे जाऊन बोलावं असं कोणी त्यांना दिसत नव्हतं म्हणून. कंपनीला कुटुंब म्हटलं की तक्रारपेटी ठेवायची लाज वाटते. घरात कोण ठेवतं?

'कुटुंब', 'आमच्यात बसणारा माणूस' हे शब्द आपल्याकडे अमेरिकेतल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आले असं समजलं जातं. तसं नाही. मुंबईतली क्राफ्ट बिअरची कितीतरी नावाजलेली ठिकाणं आज लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या जागेत आहेत. त्या गिरण्यांतली भरती कोण करायचं? जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या ओळखीतला माणूस कामावर लावायचा, त्याच्याकडून दस्तुरी घ्यायचा, खोलीची सोय बघायचा आणि अडीनडीला उसने पैसेही द्यायचा. कुटुंबच होतं ते! आणि त्या कुटुंबात कोण बसत नव्हतं? विणकाम खात्यात दलितांना जागा नव्हती, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना बाटण्याची भीती होती. पगार विणकाम खात्यातच जास्त होता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. ग्लासगोच्या बारची आणि परळच्या गिरणीची बरोबरी करण्याइतका मी भोळा नाही. पण 'आमच्यात बसतो का' हा निकष दिसतो तितका निष्पाप कधीच नसतो, हे आपल्याला कोणा परक्याने शिकवायची गरज नाही. लॉरेन रिव्हेरा या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या बड्या वकिली, बँकिंग आणि सल्लागार कंपन्यांतल्या भरती करणाऱ्यांच्या 120 मुलाखती घेतल्या. 2012 मध्ये त्यांचा निबंध आला. मुलाखत घेणारे कौशल्याइतकंच, कधी त्याहून जास्त, हा माणूस आपल्यासारखा आहे का, याच्यासोबत वेळ बरा जाईल का, हे पाहतात, असं त्यांना आढळलं. तेच खेळ, त्याच सहली, तसंच शिक्षण. क्राफ्ट बिअरच्या जगात त्याऐवजी तीच गाणी, तीच दाढी, तोच विनोद. बंडखोरांची भरती करायला निघालेले लोक शेवटी स्वतःसारखेच गोळा करतात.

या कंपनीने नंतर खूप काही देऊ केलं आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथेच आहे. 2022 च्या मे महिन्यात वॉटने स्वतःच्या हिश्शातला पाचवा भाग, म्हणजे कंपनीचे सुमारे 5 टक्के शेअर, पगारी कर्मचाऱ्यांना चार वर्षांत देण्याची घोषणा केली. किंमत सांगितली गेली जवळजवळ 10 कोटी पौंड. तासावर काम करणाऱ्या बारच्या लोकांसाठी नफ्यातला वाटा ठेवला. इतकं कोणता मालक देतो? मीही ते वाचून क्षणभर मान डोलावली. पण त्यातलं हातात किती पडणार होतं? 2017 मध्ये टीएसजी या अमेरिकी गुंतवणूकदार संस्थेने ब्रूडॉगचा 22 टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला, तेव्हा कंपनीचं मोल 1 अब्ज पौंड ठरलं. टीएसजीचे शेअर मात्र खास होते. त्यांवर वर्षाला 18 टक्के चक्रवाढ परताव्याचा हक्क आणि कंपनी विकली तर पहिला हात त्यांचा. चक्रवाढीने 18 टक्के म्हणजे साधारण चार वर्षांत दुप्पट! त्यांचं भागल्यावर जे उरेल त्यात बाकीच्यांचा वाटा. बाकीचे म्हणजे हे शेअर मिळालेले कर्मचारी, आणि 2009 नंतर 'इक्विटी फॉर पंक्स' या नावाखाली पैसे घालणारे सुमारे दोन लाख सामान्य बिअरप्रेमीही. त्यांनी मिळून 7 कोटी पौंडांहून जास्त रक्कम दिली. त्यांची वार्षिक सभा म्हणजे ॲबरडीनमध्ये बँड आणि बिअरचा जलसा असायचा. हिशेबाच्या कागदांपेक्षा तिथे गाणी मोठ्याने वाजायची.

मग आला 2024 चा जानेवारी. तोट्याचं कारण देऊन कंपनीने 'खऱ्या जगण्याच्या' दरातून अंग काढून घेतलं. नव्या भरतीला यापुढे सरकारी किमान दर. लंडनबाहेर तो फाउंडेशनचा दर तेव्हा तासाला 12 पौंड होता, एप्रिलपासूनचा सरकारी दर 11 पौंड 44 पेन्स. फरक 56 पेन्सचा. चाळीस तासांच्या आठवड्याला 22 पौंड 40 पेन्स. ज्या गोष्टीने कंपनीने वर्षानुवर्षं आपली ओळख सांगितली, ती एका निवेदनाने संपली. कोणाशी करार मोडावा लागला नाही, कोणाची संमती घ्यावी लागली नाही. 2023 सालचा तोटा 5 कोटी 90 लाख पौंडांचा निघाला, तेव्हा पैसे खरंच नव्हते हे मान्य. पण युनियनशी केलेला करार असता, तर बाराचे अकरा चव्वेचाळीस करण्याआधी समोर बसून बोलावं लागलं असतं. लंडनमधल्या झगमगीत महाबारवर किती घालवलं, सोन्याच्या कॅनच्या स्पर्धेचं काय झालं, हे टेबलावर आलं असतं. (ते 'घन सोन्याचे' म्हटलेले कॅन मुलामा दिलेल्या पितळेचे निघाले, जाहिरात नियामकाने फटकारलं आणि वॉटला विजेत्यांचे सुमारे 5 लाख पौंड स्वतःच्या खिशातून भागवावे लागले.) जे मालक खुशीने देतो ते तो नाखुशीने काढूनही घेतो. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती एखाद्या गिरणीमालकाचं मन मोठं होतं म्हणून नव्हे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ब्रूडॉगसारख्या कंपनीला एवढं झोडपता, मग ज्या पबसाखळ्यांनी कधी कसलं आश्वासनच दिलं नाही त्यांचं काय? तिथे खुलं पत्र लिहायला कोणी धजतही नाही, कारण तिथे कोणाला मुळात अपेक्षाच नव्हती. चांगलं वागायचा प्रयत्न करणाऱ्याला जास्त जोडे बसतात, म्हणून उद्या कोणी प्रयत्नच करणार नाही. हे मला पटतं, निदान अर्धं. ब्रूडॉगने बारवाल्यांना परीक्षांची तयारी करायला लावली, चांगला दर दिला, आणि त्यातून ब्रिटनमध्ये बिअर वाढण्याच्या कामाला थोडी प्रतिष्ठा आली, हे कोणी नाकारू नये. पण दिलेलं वचन मोडलं म्हणून लोक रागावले, इतकंच ते नाही. वचन ज्या रीतीने दिलं गेलं त्यातच मेख होती. 2018 मध्ये महिला दिनाला पगारातली तफावत दाखवायला बायकांसाठी स्वस्त 'पिंक आयपीए' काढली. एका पुरुषाने दावा लावून 1,000 पौंड भरपाई मिळवली आणि चर्चा त्याचीच झाली. 2022 च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाला कंपनीने 'विरोधी प्रायोजक' म्हणून मोठे फलक लावले, पण सामने बारमध्ये दाखवलेच आणि बिअर कतारमध्येही विकली जात होती. 2021 च्या फेब्रुवारीत मिळालेलं बी कॉर्प हे जबाबदार कारभाराचं प्रमाणपत्र डिसेंबर 2022 मध्ये उरलं नाही. एकेक चूक क्षम्य आहे. पण प्रत्येक वेळी भूमिका आधी फलकावर गेली आणि कारभारात ती मुरली का, हे नंतर पाहिलं गेलं. नोकरभरतीतही तोच क्रम. आधी बंडखोर गोळा करायचे, मग त्यांना बसवायला खुर्ची आहे का ते बघायचं.

2024 मध्ये वॉट मुख्याधिकारीपदावरून उतरला. त्याच वर्षाच्या शेवटी, ब्रिटनमध्ये कामाची आस कमी झाली आहे आणि काम व आयुष्य वेगळं ठेवण्यापेक्षा एकात एक मिसळावं, असं त्याने एका व्हिडिओत सांगितलं आणि त्यावर बरीच राळ उडाली. मला मात्र त्यात नवं काही वाटलं नाही. 2007 पासून तो हेच मानत आला असावा. त्याच्यापुरतं ते खरंही आहे. 2025 च्या जुलैमध्ये कंपनीने दहा बार बंद केले, त्यांत ॲबरडीनचा पहिला बारही होता. तिथल्या लोकांना काही दिवसांची सूचना मिळाली. काम आणि आयुष्य एकात एक मिसळलेल्या माणसाला त्या आठवड्यात नोकरीसोबत आणखी काय काय गमवावं लागलं असेल, याचा विचार तो व्हिडिओ करत नाही. ऑगस्टमध्ये डिकीही कंपनीतून बाहेर पडला.

दुसऱ्या बाजूचं बोलायचं तर दोष आपल्या बाजूलाही आहे, म्हणजे पिणाऱ्यांच्या. कॅनवर कोणतं जंगल लावलं जातंय हे आपण वाचतो. ब्रूडॉगने 2020 मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात किनरारा नावाची जमीन घेतली, लाखो झाडं लावायला सुरुवात केली, त्यांतली निम्म्याच्या आसपास मेली आणि 2025 मध्ये जमीनही विकून टाकली. झाडांचा हिशेब निदान कोणीतरी ठेवला आणि मेलेली मोजली. कंपन्या आपला कार्बन मोजतात, तो आकडा अहवालात टाकतात, जमल्यास कॅनवरही छापतात. मग मागच्या वर्षी बारमधले शंभरातले किती जण काम सोडून गेले, रोटा किती दिवस आधी लागला आणि तासाचा दर काय, हे तीन आकडे त्याच कॅनवर, मद्यार्काच्या टक्क्याखाली छापायला काय हरकत आहे? जागा पुष्कळ असते. मुलाखतीला गेलेल्या पोराने 'तुला आमच्याचकडे का यायचं आहे' या प्रश्नाला उत्तर देण्याआधी निदान हे तीन आकडे विचारावेत. सांगायला कोणी का-कू केली, तर त्याला उत्तर मिळालंच.